पिशवीतून काय काढायचे

(मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये होणाऱ्या कॅल्सिफायलॅक्सिस या आजाराच्या उपचारासंबंधी नाशिक येथील स्मृतिव्याख्यानाची संहिता)



यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘कॅल्सिफायलॅक्सिस’ म्हणालो. त्यांनी तो शब्द पुन्हा विचारून लिहून घेतला आणि मग अगदी अदबीने सुचवले, की मधुमेह किंवा रक्तदाब घेतलात तर खुर्च्या जास्त भरतील. त्यांचे खरेच होते. अमेरिकेत डायलिसिसवर असलेल्या दर १०,००० रुग्णांमागे वर्षाला सुमारे ३५ जणांना हा आजार होतो, जर्मनीत चारेक जणांना, जपानात एकालाही धड नाही. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याचे नाव ऐकलेले नसणार.

तरी मी हट्ट धरला. आजार दुर्मीळ असला, तरी तो ज्या वस्तूंतून घडतो त्या तुमच्या-माझ्या घरात आहेत. कॅल्शियमची गोळी, ‘ड’ जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे पाकीट, इन्सुलिनची सुई, रक्त पातळ ठेवायची गोळी, पानाला लावायचा चुना. दुसरे कारण आमच्या व्यवसायाचे आहे. या आजारावर उपचार करायला बसले, की डॉक्टरला पहिल्यांदा आपल्याच अक्षरातला कागद पुन्हा वाचावा लागतो. काय द्यायचे हा प्रश्न नंतरचा, काय काढून घ्यायचे हा आधीचा. आजच्या व्याख्यानात मला एवढेच सांगायचे आहे, बाकी सगळे त्याच्या पुष्ट्यर्थ.

रुग्ण समोर असल्याशिवाय आजार कळत नाही, म्हणून एक बाई तुमच्यापुढे उभी करतो. ही कोणी एक खरी बाई नाही, अनेक रुग्णांची मिळून केलेली आहे. निफाड तालुक्यातल्या एखाद्या गावातली समजा. पंचावन्नच्या आसपासची, अंगाने भारी. पंधरा वर्षे साखर, चार वर्षे डायलिसिस. खरे तर आठवड्यातून तीनदा यायला हवे, पण एसटीचे वेळापत्रक, मुलाचा बुडणारा रोज आणि द्राक्षाच्या छाटणीचे दिवस यांचा मेळ घालून ती दोनदाच येते. इन्सुलिन पोटावर टोचून घेते. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. पुढे धातूची झडप बसवली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची. एके दिवशी ती डायलिसिसच्या खुर्चीत बसताना म्हणते, “मांडीत आग पडलीय, साडीचा काठ लागला तरी कळ जाते.”

सिस्टर साडी बाजूला करून बघते. जखम नाही. कातडीवर जांभळट जाळी उमटली आहे आणि तिच्याखाली हाताला काहीतरी कडक लागते. दिसते त्यापेक्षा दुखते कितीतरी जास्त. या विसंगतीपाशी थांबणारा डॉक्टर रुग्णाचे आयुष्य वाढवू शकतो. न थांबणारा त्याला सेल्युलायटिस म्हणतो, नागीण म्हणतो, आणि साखरेचा रुग्ण असल्यामुळे बहुतेक वेळा ‘गँगरीन’ म्हणून मोकळा होतो. पण साखरेचे गँगरीन पायाच्या बोटांपासून चढते, आणि तिथली संवेदना बऱ्याचदा आधीच गेलेली असते. हा आजार चरबी भरपूर असते तिथे डोके वर काढतो: मांड्या, ओटीपोट, नितंब, स्तन. पावलावरची नाडी हाताला नीट लागत असते आणि वर मांडी काळी पडत चाललेली असते.

आत काय होते? कातडीच्या खाली चरबीच्या थरात केसाएवढ्या बारीक रोहिण्या असतात. त्यांच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसते, आतला थर जाड होतो, वाट अरुंद होते आणि शेवटी त्यात रक्ताची गुठळी अडकते. मग त्या रोहिणीवर जगणारा कातडीचा तुकडा मरतो. बोअरच्या पाण्याने गीझरच्या नळीत क्षार धरतो, तसे हे नुसते साचणे असते तर गोष्ट सोपी होती. क्षार धुऊन काढता आला असता. इथे रोहिणीच्या भिंतीतल्या स्नायूंच्या पेशीच आपला स्वभाव बदलतात आणि हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. कातडीच्या खाली, जिथे हाडाचे काही काम नाही, तिथे शरीर हाड घडवायला बसते.

याची पहिली नोंद १८९८ सालची, लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधली. नाव मात्र पुष्कळ उशिरा आले. ‘स्ट्रेस’ हा शब्द ज्यांच्यामुळे जगाच्या तोंडी बसला त्या मॉन्ट्रियलच्या हान्स सेली यांनी १९६१-६२च्या सुमारास उंदरांवर प्रयोग केले. आधी ‘ड’ जीवनसत्त्वासारखे द्रव्य देऊन उंदराची जमीन तयार करायची, मग लोहाचे इंजेक्शन किंवा अंड्यातला पांढरा बलक टोचायचा, की त्या जागी कॅल्शियम जमायचे. माणसातला आजार अगदी तसा नाही. सेलींच्या उंदरांत रोहिण्या अशा बंद पडत नव्हत्या. पण ‘जमीन तयार करणारे’ आणि ‘ठिणगी टाकणारे’ अशी दोन टप्प्यांची त्यांची मांडणी मला आजही उपयोगी वाटते. आपल्या निफाडच्या बाईची जमीन चार वर्षे तयार होत होती. ठिणगी काही रुग्णांत कदाचित पोटावरच्या सुईची असेल. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला इन्सुलिनची इंजेक्शने जितकी जास्त, तितका पोटावर हा आजार उमटण्याचा धोका जास्त, असे दिसलेच आहे.

जमीन तयार कशी होते हे समजायला थोडा हिशेब करावा लागेल. हिशेब नाशिककरांना नवा नाही, लासलगावच्या बाजारसमितीने आपल्याला तो शिकवलाच आहे. रोजच्या जेवणातून साधारण ६०० ते ७०० मिलिग्रॅम फॉस्फरस रक्तात जातो, म्हणजे आठवड्याला ४,००० मिलिग्रॅमच्या वर. चार तासांचे एक डायलिसिस ८०० ते १,००० मिलिग्रॅम बाहेर काढते. तीनदा केले तरी जेमतेम ३,००० निघणार, दोनदा केले तर २,०००. उरलेला रोज थोडा थोडा अंगात राहतो. तो आतड्यातच अडवायला जेवणाबरोबर गोळी देतात. त्यातली स्वस्त गोळी कॅल्शियमची असते. ती फॉस्फरस अडवते खरी, पण मोबदल्यात कॅल्शियम रक्तात सोडते. मूत्रपिंड निकामी झाले की ‘ड’ जीवनसत्त्व सक्रिय होत नाही, म्हणून तेही बाहेरून देतात. ते आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही ओढून घेते. शिवाय शेजारीण सांगते, “हाडं दुखतात ना, मग कॅल्शियम घ्या.” औषधाच्या दुकानात ते कागदाशिवाय मिळते. प्रत्येक गोळी आपापल्या जागी शहाणपणाची असते. सगळ्या एकाच पोटात गेल्या की कथा बदलते.

आता या कथेतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग सांगतो. रोहिण्यांत कॅल्शियम बसू नये म्हणून शरीरात पहारेकरी प्रथिने असतात. त्यांतल्या मॅट्रिक्स जीएलए प्रोटीन या एका महत्त्वाच्या प्रथिनाला कामावर रुजू होण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त चालणारी ॲसेनोकुमारॉल (अॅसिट्रॉम या नावाने तुमच्यापैकी काहींच्या खिशात ती आत्ताही असेल) या गोळ्या नेमके ‘के’ जीवनसत्त्वाचेच काम अडवतात. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी पहारेकऱ्यालाही झोपवते. वॉरफरिन घेणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णांत या आजाराचा धोका वेगवेगळ्या अभ्यासांत कित्येक पटींनी वाढलेला दिसतो.

त्यात आपल्या आहारसल्ल्याची भर. ‘के’ जीवनसत्त्व मुख्यतः पालेभाज्यांत असते. हृदयाचा डॉक्टर सांगतो, गोळी चालू आहे, पालेभाज्या बेताने. मूत्रपिंडाचा डॉक्टर सांगतो, पोटॅशियम वाढेल, पालेभाज्या बंद. दोघांचेही सांगणे आपापल्या जागी बरोबर. पण या दोघांच्या मधे बसलेल्या बाईच्या ताटात मेथी, शेपू, चुका, अंबाडी यांतले काहीच उरत नाही. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकले तर पोटॅशियम बरेच उतरते आणि ‘के’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नसल्याने बऱ्यापैकी टिकते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. आहारतज्ज्ञांसाठी ओपीडीत एक खुर्ची असावी असे मी वर्षानुवर्षे म्हणतो आहे. ते अजून बहुतेक ठिकाणी छापील कागदावर भागवले जाते.

आता उपचार.

पहिले काम पिशवी टेबलावर रिकामी करणे. ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते जुन्या पिढीतले जनरल प्रॅक्टिशनर होते. त्या पिढीतल्या अनेकांची ही सवय होती: रुग्णाने आणलेली पिशवी आधी उलटी करायची, मग नाडी. पिशवीतून काढायच्या वस्तूंची यादी बहुतेक वेळा अशी निघते. कॅल्शियमच्या गोळ्या, मग त्या हाडांसाठी असोत की फॉस्फरस अडवायला. ‘ड’ जीवनसत्त्वाची पाकिटे आणि सक्रिय ‘ड’च्या कॅप्सूल. बाहेरून घेतलेली भस्मे. फॉस्फरस अडवायला सेव्हेलॅमरसारखी कॅल्शियम नसलेली गोळी द्यायची. ती महाग पडते, आणि इथेच घरच्यांचा चेहरा उतरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आणि २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे यंत्रावर बसण्याचा खर्च पुष्कळांच्या आवाक्यात आला, ही मोठी गोष्ट झाली. पण यंत्रावरून उठल्यानंतरच्या गोळ्या आणि पट्ट्या हा खर्च बऱ्याचदा घराच्याच माथी राहतो.

इन्सुलिनची जागा बदलायची, डाग असलेल्या भागाजवळ सुई न्यायची नाही. डायलिसिस दोनाचे तीन, काही आठवडे चार करायचे. डायलिसिसच्या पाण्यातले कॅल्शियम बेताचे ठेवायचे, पण फार कमीही नाही, नाहीतर हृदयाची लय बिघडते.

आणि रक्त पातळ करणारी गोळी? हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिली असेल तर ती थांबवून ॲपिक्साबॅनसारखी नवी गोळी देता येते. ती ‘के’ जीवनसत्त्वाच्या वाटेला जात नाही. पण आपल्या बाईच्या हृदयात धातूची झडप आहे, आणि धातूच्या झडपेला नव्या गोळ्या चालत नाहीत. २०१२ साली डॅबिगॅट्रान या गोळीची अशी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यामुळे मधेच थांबवावी लागली. हेपारिन द्यावे तर ते रोज कातडीखाली टोचावे लागते, म्हणजे पुन्हा सुई. शिवाय त्याचे काही प्रकार मूत्रपिंड नसलेल्या शरीरात साचतात. झडप बदलून प्राण्यांच्या ऊतींची बसवावी, तर डायलिसिसच्या रुग्णात तीही लवकर कॅल्शियमने कडक होते. युरोप-अमेरिकेच्या मार्गदर्शक तत्त्वांत हा कोपरा तसा लहान, कारण तिकडे संधिज्वराने खराब झालेल्या झडपा कमी झाल्या आहेत. आपल्याकडे तो लहान नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर एका खोलीत बसले पाहिजेत, निदान फोनवर तरी. रुग्णाच्या हातून एकमेकांना चिठ्ठ्या पाठवून हे सुटत नाही.

गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचाही इथे हात असतो. त्यांचे संप्रेरक फार वाढले तर हाडातले कॅल्शियम बाहेर निघते. त्यासाठी सिनाकॅल्सेट ही गोळी आहे. ३,८८३ डायलिसिस रुग्णांच्या ‘इव्हॉल्व्ह’ या चाचणीत एकूण २४ जणांना कॅल्सिफायलॅक्सिस झाला: नकली गोळी घेणाऱ्यांत १८, सिनाकॅल्सेट घेणाऱ्यांत ६. आकडे लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. गोळीने भागले नाही तर ग्रंथी काढायच्या. शस्त्रक्रिया झाली की भुकेलेली हाडे रक्तातले कॅल्शियम भराभर ओढून घेतात आणि मग शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते, म्हणजे जे टाळायचे तेच. म्हणून ‘ग्रंथी काढून टाका’ हा सल्ला सरसकट नाही. संप्रेरक फारच दाबून टाकले तर हाड झोपी जाते, कॅल्शियम घेईनासे होते, आणि ते दुसरीकडे जागा शोधते. वर गेले तरी वाईट, फार खाली गेले तरी वाईट.

इतके काढून झाल्यावर आता एक द्यायचे औषध सांगतो, आणि त्यासाठी तुम्हाला थोडे त्र्यंबकेश्वरला नेतो.

१८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि त्यानंतर आपले बिऱ्हाड नाशिकला आणले. फाळके मुळात छायाचित्रणाच्या अंधाऱ्या खोलीत तयार झालेले. त्या काळातली फिल्म धुताना शेवटी एका द्रावणात बुडवावी लागे. ते द्रावण उजेडाने न बदललेले चांदीचे क्षार विरघळवून टाकी आणि चित्र पक्के होई. त्याला फोटोग्राफर ‘हायपो’ म्हणत. आज साठी ओलांडलेल्या ज्यांनी शाळेच्या किंवा घरच्या डार्करूममध्ये हात ओले केले असतील त्यांना तो वास आठवेल. हे हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. त्याचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ साली हेरला आणि १८३९ साली छायाचित्रणाच्या उपयोगी आणला.

हाच पदार्थ पुढे सायनाइडच्या विषबाधेवर उतारा म्हणून वैद्यकात आला. १९८४च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटल्यानंतर तिथल्या लोकांना सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही यावर मोठा वाद पेटला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची चाचणीही घेतली. त्याच सुमारास, १९८५ साली, ग्रीसमध्ये यात्झिडिस यांनी वारंवार होणाऱ्या मुतखड्यांवर ते वापरून पाहिले. आणि २००४ साली कॅल्सिफायलॅक्सिसच्या एका रुग्णाला त्याने गुण आल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जगभर ते दिले जाते: डायलिसिसच्या शेवटच्या तासाभरात, शिरेतून, २५ ग्रॅम, वजन ६० किलोहून कमी असेल तर साडेबारा. मळमळ होते, उलटी होते, रक्तातले आम्ल वाढते, रक्तदाब उतरतो. पण पुष्कळ रुग्ण सांगतात की काही आठवड्यांत दुखणे कमी झाले. कॅल्शियमला धरून ते विरघळवते, असे आधी वाटायचे. आता त्यावर तितका विश्वास राहिलेला नाही. रोहिण्या सैल करण्याचा आणि जळजळ कमी करण्याचा गुण असावा, असे मानतात.

फाळक्यांच्या गावातून कॅल्सिफायलॅक्सिसपर्यंत पोहोचणारी ही कथा मला इतकी आवडते, की मी स्वतःवरच संशय घेतो. कथा चांगली असली की औषध चांगले वाटू लागते. जुन्या रुग्णांच्या नोंदी एकत्र करून मोजदाद केली, तेव्हा थायोसल्फेट घेणाऱ्यांच्या जखमा अधिक भरल्या किंवा ते अधिक जगले, असे ठामपणे दिसले नाही. मी ते देतो. हाताशी दुसरे फारसे नाही, आणि दुखणे कमी झाले तर तेही कमी नाही. पण नातेवाइकांना ‘रामबाण आणलाय’ असे सांगत नाही.

याच मुद्द्यावर एक चाचणी तुम्हाला सांगायलाच हवी. रोहिणीत कॅल्शियमचे स्फटिक वाढू नयेत म्हणून हेक्सासोडियम फायटेट नावाचे नवे औषध आले. फायटेट म्हणजे आपल्या डाळी, तीळ, कोंडा यांत असते तेच द्रव्य, औषधाच्या रूपात. ७१ रुग्णांची चाचणी झाली. काहींना औषध, काहींना नुसते मिठाचे पाणी, कोणाला काय ते कोणालाच ठाऊक नाही. औषध घेणाऱ्यांच्या जखमा सुधारल्या, दुखणे उतरले. आणि मिठाचे पाणी घेणाऱ्यांच्याही तितक्याच सुधारल्या. चाचणी औषधाच्या दृष्टीने फसली. मला मात्र ती फसलेली वाटत नाही. चाचणीत असल्यामुळे त्या रुग्णांकडे ठरावीक दिवशी कोणीतरी नीट बघत होते, जखमा मोजल्या जात होत्या, गोळ्यांवर लक्ष होते, दुखण्याची चौकशी होत होती. ज्याला आम्ही ‘नेहमीची काळजी’ म्हणतो ती नेमाने केली तर काय होते, हे त्या चाचणीने दाखवले, असे मी मानतो. माझ्या काही सहकाऱ्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते काही रुग्ण तसेही बरे होणारेच होते.

आजार किती लवकर सापडतो, यावरही पुष्कळ अवलंबून असते. कॅनडातल्या विनिपेगच्या फाइन आणि झकेरियास या दोघांनी २००२ साली ३६ रुग्णांचा अनुभव लिहिला. कातडी फुटण्याआधी सापडलेल्यांपैकी सहा महिन्यांत ३३ टक्के गेले. व्रण झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक. म्हणून ‘कळ आहे, जखम नाही’ हा टप्पा सोन्यासारखा. त्वचेचा तुकडा काढून तपासायचा का, यावरही इथेच वाद होतो. कापलेल्या जागीच व्रण सुरू होण्याची भीती असते. माझे मत असे, की जागा आणि लक्षणे ठसठशीत असतील तर सुरीची घाई नको. शंका असेल तरच खोलवरचा छोटा तुकडा घ्यावा, वरवरच्या तुकड्यात रोहिणी सापडतच नाही. साध्या एक्स-रेतही कधी कधी मांडीत कॅल्शियमची बारीक जाळी दिसते आणि काम भागते.

व्रण झालाच, तर रुग्ण जातो तो बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने. कोरडी, घट्ट, काळी खपली असेल तर तिला हात लावायचा नाही, झाकून ठेवायची. खालून पू झाला असेल, वास येत असेल, तर मेलेले मांस काढलेच पाहिजे. २००७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ६४ रुग्णांचा आढावा घेतला. त्यात शस्त्रक्रियेने जखम साफ केलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के वर्षभर जगले, न केलेल्यांपैकी २७ टक्के. मुळात ज्यांच्यात थोडी ताकद होती तेच शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचले असणार, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचायचे. जखम भरायला प्रथिने लागतात. आणि आपल्याकडे ‘किडनीवाल्याला डाळ बंद’ हे घरोघरी पाठ झालेले. डायलिसिस सुरू झाल्यानंतर नियम उलटतो: वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. अंड्याचा पांढरा बलक ज्यांना चालतो त्यांना सोईचा, कारण त्यात फॉस्फरस कमी.

दुखण्याबद्दल बोलताना मी कधीच संथ राहू शकत नाही. हे दुखणे भयंकर असते. तरीही आम्ही पॅरासिटॅमॉलवर दिवस काढतो, कारण अफूपासूनच्या औषधांची आम्हालाच धास्ती. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने ती धास्ती घातली. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत सोडवली, तरी मनातली भीती गेली नाही. मूत्रपिंड निकामी असताना मॉर्फिन सावधपणे टाळायचे, कारण त्याचे अवशेष साचून रुग्ण गुंगतो, अंगाला झटके येतात. पण फेंटॅनिलची चिकटपट्टी आहे, मेथाडोन आहे. पट्टी बदलण्याच्या अर्धा तास आधी वेदनाशामक द्यावे ही साधी गोष्टही अनेक वॉर्डांत होत नाही. हे करायला ना नवे यंत्र लागते, ना मंजुरी.

आता नोंदी ठेवण्याबद्दल. या आजारावर २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो विस्तृत आढावा आला, त्याचे पहिले लेखक बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे सागर निगवेकर आहेत. आडनाव ऐकून कोल्हापूरकडची माणसे कान टवकारतील. त्यांचे सहलेखक रवी थढानी आणि जर्मनीचे व्हिन्सेंट ब्रँडेनबुर्ग. जर्मनीने २००६ पासून अशा रुग्णांची देशभराची नोंदवही ठेवली आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. राज्यातल्या डायलिसिस केंद्रांकडून अशा रुग्णांची एक पानी माहिती मागवणे त्या विद्यापीठाला अवघड नाही. धातूच्या झडपेचा जो कोपरा मी सांगितला, त्याचे उत्तर बोस्टनहून येणार नाही. ते आपल्याच नोंदींतून निघेल.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या काही घेतो.

पहिली, “गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाल्ला तर हाडे मजबूत होतात, खरे का?” ज्याचे मूत्रपिंड चांगले आहे त्याच्याशी मी आज वाद घालणार नाही. ज्याचे क्रिएटिनिन वाढलेले आहे त्याने चुना, शंखभस्म, कपर्दिक भस्म, प्रवाळ यांतले काहीही डॉक्टरला न सांगता घेऊ नये. हे सगळे रासायनिकदृष्ट्या मुख्यतः कॅल्शियमच आहे.

दुसरी, “माझ्या वडिलांचे डायलिसिस आहे, ‘ड’चे पाकीट आजच बंद करू का?” नाही. हे व्याख्यान ऐकून कोणीही काहीही परस्पर बंद करू नये, रक्त पातळ करणारी गोळी तर मुळीच नाही. पुढच्या डायलिसिसला जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि प्रत्येक गोळी कशासाठी आहे, ते तिथे विचारा. कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइडचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे, तेही विचारा.

तिसरी चिठ्ठी बिनसहीची आहे. “जखमा भरत नसतील आणि आईच म्हणत असेल की आता डायलिसिस नको, तर आम्ही काय करायचे?” आधी तिचे दुखणे खरोखर आटोक्यात आणले आहे का ते पाहा. कधी कधी दुखणे थांबले की ‘नको’ही थांबते. दुखणे आटोक्यात असूनही ती तेच म्हणत असेल, तर तिचे म्हणणे ऐका आणि डॉक्टरांना ते तिच्यासमोर सांगा, बाहेर कॉरिडॉरमध्ये नाही. डायलिसिस थांबवल्यावर बहुतेक रुग्ण आठवडा-दहा दिवसांत जातात, काही थोडे अधिक काढतात. त्या दिवसांत वेदनाशामक, मळमळीचे औषध, पट्ट्या, सगळे चालू राहते. ते घरीही देता येते, आणि त्यासाठी कोणत्या डॉक्टरला बोलवायचे ते आधीच ठरवून ठेवावे.